'रन फॉर द वॉल': बेपत्ता सैनिकांसाठी अमेरिका ओलांडणाऱ्या मोटारसायकली

दर वर्षी मे महिन्याच्या मध्यावर, एका बुधवारी सकाळी, कॅलिफोर्नियातल्या ऑंटारिओ शहरातून शेकडो मोटारसायकली पूर्वेकडे निघतात. वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससची अफाट सपाट शेती, वेस्ट व्हर्जिनियातले वळणावळणाचे घाट असा ४,००० किलोमीटरहून जास्त रस्ता कापून दहाव्या दिवशी, शुक्रवारी, त्या वॉशिंग्टनला पोचतात. चालवणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले खूप जण असतात. कुणाच्या मागे बायको बसलेली, कुणाच्या मागे नातू. जॅकेटवर जुन्या पलटणीचे बिल्ले आणि बहुतेक गाड्यांवर एक काळा झेंडा. या यात्रेचं नाव 'रन फॉर द वॉल'.

यातली 'वॉल' म्हणजे वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक, काळ्या दगडाची लांबलचक भिंत. तिच्यावर ५८,००० हून जास्त नावं कोरलेली आहेत. तिथे पोचायचं, नावांसमोर उभं राहायचं, हा यात्रेचा शेवट. पण फक्त मेलेल्यांना मानवंदना द्यायची असती, तर विमानानेही जाता आलं असतं. रस्त्याने, गावागावांत थांबत जाण्यामागे दुसरं कारण आहे. जे सैनिक युद्धावरून परत आले नाहीत आणि ज्यांचा मृतदेहही मिळाला नाही, त्यांचा शोध सरकारने थांबवू नये म्हणून हे लोक लोकांसमोर जातात. माझ्या मते या यात्रेचा खरा जीव या तगाद्यात आहे.

सुरुवात कशी झाली

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे सैनिक ठरावीक मुदतीसाठी जात, बहुतेक जण वर्षभरासाठी. मुदत संपली की एकेकटा माणूस विमानात बसे आणि दोन-तीन दिवसांत घरी पोचे. पलटणीबरोबर परत येणं नाही, मिरवणूक नाही, गावाने केलेलं स्वागत नाही. शिवाय देश या युद्धावरून दुभंगलेला होता. युद्धाचा राग कित्येकदा ते लढून आलेल्या पोरांवर निघाला. अनेकांनी पुढे वर्षानुवर्षं आपण सैन्यात होतो हे सांगणंच टाळलं. म्हणून आजही हे जुने सैनिक एकमेकांना भेटले की 'वेलकम होम' म्हणतात. पन्नास वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी ते म्हणायला हवंच होतं.

१९७३ मध्ये अमेरिकेला युद्धातून बाहेर काढणारा पॅरिस करार झाला आणि फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत ५९१ अमेरिकन युद्धकैदी सुटून परत आले. विमानतळावर धावत येणारी मुलं, बापाच्या गळ्यात पडणाऱ्या मुली, ही छायाचित्रं तेव्हा देशभर छापून आली. पण त्याच वेळी २,६४६ अमेरिकनांचा काहीच पत्ता नव्हता. त्यांच्या घरच्यांसाठी युद्ध संपलं नव्हतं.

१९८८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा मोटारसायकलींचा मोठा मोर्चा निघाला, 'रोलिंग थंडर'. व्हिएतनामवर १९६५ ते १९६८ या काळात चाललेल्या बॉम्बफेकीच्या मोहिमेचं हे नाव. साधारण अडीच हजार गाड्या आल्या होत्या. मागणी एकच, बेपत्ता लोकांचं काय झालं ते सांगा. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, जेम्स ग्रेगरी आणि बिल इव्हान्स या व्हिएतनाममध्ये लढलेल्या दोघांनी कॅलिफोर्नियाहून वॉशिंग्टनपर्यंत मोटारसायकलवर जायचं ठरवलं. वाटेत जे गाव लागेल तिथल्या रेडिओ केंद्राशी, वर्तमानपत्राशी बोलायचं आणि बेपत्ता सैनिकांचा विषय काढायचा, एवढाच बेत. त्यातून 'रन फॉर द वॉल' उभी राहिली. या दोन गोष्टींची बरेचदा गल्लत होते. 'रोलिंग थंडर' हा राजधानीतला एका दिवसाचा मोर्चा. तो त्या नावाने २०१९ मध्ये थांबला आणि आता 'रोलिंग टू रिमेंबर' या नावाने निघतो. 'रन फॉर द वॉल' मात्र अख्खा देश ओलांडते.

मे महिनाच का, तर मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा अमेरिकेत 'मेमोरियल डे' असतो. हा दिवस युद्धात मेलेल्यांचा. ११ नोव्हेंबरचा 'व्हेटरन्स डे' वेगळा, तो सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांचा. मेमोरियल डेच्या आधीच्या शुक्रवारी राजधानीत पोचायचं, असं मागे मोजून निघण्याचा दिवस ठरतो.

शेकडो गाड्या एकत्र कशा चालतात

आता एक मार्ग पुरत नाही. मध्य, दक्षिण आणि या दोन्हींच्या मधला असे तीन मार्ग एकाच सकाळी ऑंटारिओहून फुटतात. प्रत्येक मार्गावरच्या गाड्या तुकड्यांत वाटलेल्या असतात. तुकडीला पुढे एक म्होरक्या आणि शेवटी एक अनुभवी माणूस. महामार्गावर गाड्या दोन रांगांत पळतात. हे दिसायला देखणं असलं तरी सोपं अजिबात नाही. पुढचा जरासा कचरला की त्याचा धक्का मागच्या शंभर गाड्यांपर्यंत जातो. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांना निघण्याआधी नियम समजावून सांगतात आणि वाटेत जुने लोक त्यांच्यावर लक्ष ठेवतात. मागून ट्रक आणि ट्रेलर येतात. गाडी बंद पडली की ती उचलायची आणि माणसाला पुढच्या मुक्कामाला न्यायचं.

पेट्रोलचा थांबा मला यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो. मोटारसायकलची टाकी लहान, त्यामुळे दिवसातून अनेकदा थांबावं लागतं. दोन-तीनशे गाड्या एका पंपावर आल्या आणि प्रत्येकाने आपापलं पेट्रोल भरून कार्डाने पैसे दिले, तर दुपार तिथेच संपेल. म्हणून स्वयंसेवकांची एक टोळी आधीच पुढे जाऊन पंपावर उभी असते. गाड्या रांगेत येतात, इंजिन बंद, टाकीचं झाकण उघडं. नळी या गाडीतून त्या गाडीत जाते, मीटर मधे थांबवत नाहीत. पैसे रोख, पूर्ण डॉलरमध्ये, कारण सुट्टे मोजायला वेळ नसतो. पुष्कळ ठिकाणी तेही द्यावे लागत नाहीत. गावातल्या कुणीतरी, कधी एखाद्या संस्थेने, पेट्रोल किंवा जेवण आधीच आपल्या अंगावर घेतलेलं असतं.

ताफ्यात पुढे एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. एकजण चालवत असतो, त्याच्या शेजारी जिथे दुसरी गाडी असायला हवी तिथे नुसता रस्ता. ही जागा न परतलेल्याची. वैमानिकांमध्ये मेलेल्या सहकाऱ्यासाठी आकाशात अशी जागा सोडून उडायची रीत आहे, तीच इथे जमिनीवर आणली आहे. त्या रिकाम्या जागेशेजारी गाडी चालवायला मिळणं हा मान समजला जातो, आणि बहुतेकदा कुणा एका सैनिकाच्या नावाने तो टप्पा चालवला जातो.

रस्त्यावरच्या पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे असतात. अग्निशामक दलाच्या गाड्या शिड्या उंच करून त्यांना मोठा झेंडा लावतात. न्यू मेक्सिकोतल्या गॅलपमध्ये नावाहो लोक स्वागत करतात. दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या भाषेत पाठवलेले निरोप जपान्यांना कधीच उलगडले नाहीत, ते हे नावाहो. वेस्ट व्हर्जिनियातल्या रेनेल या लहान, गरीब गावात शाळेची मुलं या दिवसाची वाट पाहत असतात. दाढीवाल्या दणकट म्हाताऱ्यांच्या सह्या घ्यायला मुलांची झुंबड उडते. यात्रेकरूंनी त्या शाळेसाठी वर्षानुवर्षं पैसे जमवले आहेत.

मध्य मार्गावरचं एंजल फायर मात्र घाईत उरकण्यासारखं ठिकाण नाही. न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, एका टेकाडावर, पांढऱ्या वळणदार भिंतींचं प्रार्थनागृह आहे. डेव्हिड वेस्टफॉल हा मरीन दलातला अधिकारी मे १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. त्याचे वडील व्हिक्टर यांनी मुलाच्या विम्याचे आलेले पैसे घातले आणि हे स्मारक बांधायला घेतलं. १९७१ मध्ये ते उभं राहिलं, युद्ध चालू असतानाच, वॉशिंग्टनची भिंत बांधली जाण्याच्या ११ वर्षं आधी. सरकारला, सैन्याला, देशाला सुचण्याआधी एका बापाने ते केलं. पुढची कित्येक वर्षं तिथे येणाऱ्या जुन्या सैनिकांना व्हिक्टर स्वतः भेटत. आज ते राज्य सरकारच्या ताब्यात आहे.

'बेपत्ता' कुणाला म्हणायचं

सैन्याच्या भाषेत परत न आलेल्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला, युद्धकैदी, म्हणजे शत्रूच्या ताब्यात असल्याची खात्री किंवा सबळ पुरावा आहे. दुसरा, लढाईत बेपत्ता, म्हणजे तो जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नाही. तिसरा, मारला गेला हे नक्की, पण देह हाती आला नाही. विमान समुद्रात कोसळताना सोबत्यांनी पाहिलं, अशी ही प्रकरणं.

यातल्या दुसऱ्या प्रकारातल्या घरच्यांची अवस्था सगळ्यात वाईट. बायको विधवा आहे की सधवा, कुणी सांगू शकत नाही. पगार चालू राहतो, पत्र येत नाही. नवऱ्याच्या वस्तू कुणाला द्याव्यात की जपून ठेवाव्यात, मुलांना काय सांगावं, दुसरं लग्न करावं का, सगळंच लटकून राहतं. अशाच एका बाईने, मेरी हॉफ यांनी, आपल्यासारख्या कुटुंबांसाठी झेंडा हवा असं धरून बसून तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला करवून घेतला. त्यांचे नौदलातले वैमानिक पती १९७० मध्ये लाओसवर बेपत्ता झाले होते. काळ्या कापडावर मान खाली घातलेल्या माणसाची पांढरी आकृती, मागे टेहळणीचा मनोरा, काटेरी तार, आणि खाली 'तुम्हाला विसरलेलो नाही' अशा अर्थाची ओळ. मोटारसायकलींवर फडकतो तो हाच झेंडा.

काही कैदी अजून जिवंत आहेत आणि सरकार ते लपवतं आहे, असं अनेक कुटुंबं आणि माजी सैनिक कितीतरी वर्षं मानत आले. १९९१ ते १९९३ मध्ये सिनेटच्या एका खास समितीने हा प्रश्न तपासला. अध्यक्ष होते जॉन केरी, आणि स्वतः साडेपाच वर्षं व्हिएतनामच्या कैदेत काढलेले जॉन मॅकेनही त्यात होते. आग्नेय आशियात कुणी अमेरिकन अजून जिवंत कैदेत आहे असं सिद्ध करणारा सबळ पुरावा समितीला मिळाला नाही. मला तो निष्कर्ष पटतो. पण कुटुंबांचा संशय वेडेपणाचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना वर्षानुवर्षं अर्धवट उत्तरं मिळाली होती, आणि अर्धवट उत्तरांतूनच असा संशय वाढतो.

भिंतीवरची खूण

वॉशिंग्टनची भिंत १९८२ मध्ये पूर्ण झाली. आराखड्यासाठी खुली स्पर्धा होती, १,४२१ प्रवेशिका आल्या आणि परीक्षकांपुढे नावं झाकलेली होती. निवड झाली ती माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. तिला आरशासारखा चकाकणारा काळा दगड हवा होता, म्हणजे नाव वाचणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसेल. तो ग्रॅनाइट आला आपल्या शेजारच्या कर्नाटकातून, बंगळूरच्या परिसरातल्या खाणींतून. तो व्हरमाँटमध्ये कापला गेला आणि त्यावरची अक्षरं मेम्फिसमध्ये उमटवली गेली.

नावं आडनावांच्या क्रमाने नाहीत, घटनेच्या तारखेप्रमाणे आहेत. एका चकमकीत एकत्र पडलेले सोबती भिंतीवरही शेजारी राहतात. प्रत्येक नावाजवळ एक छोटी खूण आहे. ज्याचा मृत्यू नक्की झाला त्याला हिऱ्याच्या आकाराची, आणि जो बेपत्ता त्याला लहानसा क्रॉस. बेपत्ता सैनिकाचे अवशेष सापडून ओळख पटली की क्रॉसवर हिरा कोरतात. तो जिवंत परत आला तर क्रॉसभोवती वर्तुळ काढायचं, असंही ठरलेलं आहे. वर्तुळ काढायची वेळ आजवर एकदाही आलेली नाही. क्रॉसचे हिरे मात्र होत आले आहेत. १९७३ मधल्या २,६४६ बेपत्तांपैकी हजाराहून जास्त जणांची ओळख आतापर्यंत पटली आहे.

ओळख पटते कशी

हे काम अमेरिकेच्या संरक्षण खात्याची एक स्वतंत्र संस्था करते. दुसऱ्या महायुद्धापासूनचे मिळून ८०,००० हून जास्त सैनिक तिच्या यादीत आहेत. त्यातले निम्म्याच्या आसपास समुद्रात गेले, ते मिळणं जवळजवळ अशक्य. उरलेल्यांसाठी आधी कागद धुंडाळतात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, शत्रूच्या बाजूची दप्तरं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. जागा नक्की झाली की पुरातत्त्वाचं उत्खनन करतात तसे चौकोन आखून खणतात. माती बादल्यांनी हातोहात वर आणली जाते आणि बारीक जाळीच्या चाळणीतून चाळली जाते. व्हिएतनामची माती आम्लधर्मी, ती हाडं खाऊन टाकते. महिनाभर चाळून कधी एक दात हाती लागतो. पण दात टिकाऊ असतो, आणि सैन्यात प्रत्येकाच्या दातांची नोंद असते.

हे काम जिवावरचंही आहे. एप्रिल २००१ मध्ये शोधपथकाचं हेलिकॉप्टर मध्य व्हिएतनाममध्ये कोसळलं आणि ७ अमेरिकन व ९ व्हिएतनामी मेले. हेही ध्यानात ठेवायला हवं की व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक २ ते ३ लाखांच्या घरात आहेत.

सापडलेलं हाड हवाईतल्या प्रयोगशाळेत जातं, डीएनएचा नमुना डोव्हरच्या प्रयोगशाळेत. जुन्या, झिजलेल्या हाडात माइटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या एका बारीक घटकाचा, डीएनए जास्त टिकतो, आणि तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. म्हणून सैनिकाची आई, भावंडं, मामा, मावशी, बहिणीची मुलं, मावशीची मुलं यांचा नमुना या चाचणीत कामाचा. त्याच्या स्वतःच्या मुलाचा मात्र नाही, कारण मुलाला हा डीएनए त्याच्या आईचा मिळालेला असतो. काका आणि आत्याच्या मुलांचाही नाही. त्यामुळे कितीतरी प्रकरणांत एखादी दूरची भाची शोधून काढून तिच्या गालाच्या आतल्या बाजूचा नमुना घ्यावा लागतो.

कोरियाच्या युद्धातल्या सैनिकांसाठी आणखी एक वाट निघाली. क्षयरोग आहे का ते पाहायला भरतीच्या वेळी छातीचा एक्स-रे काढत. त्यात गळपट्टीचं हाड दिसतं आणि त्याचा आकार माणसागणिक वेगळा असतो. सत्तर वर्षांपूर्वीचा तो एक्स-रे आणि आज सापडलेलं हाड ताडून ओळख पटवतात.

मायकेल ब्लासी या वैमानिकाचं प्रकरण तर कागदोपत्री बंदच झालं होतं. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये त्याचं विमान पाडलं गेलं. १९८४ मध्ये त्याचेच अवशेष 'अज्ञात सैनिक' म्हणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय कबरीत, राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत पुरले गेले. पुढे हा आपलाच असावा असा घरच्यांना संशय आला आणि त्यांनी पाठ सोडली नाही. १९९८ मध्ये कबर उघडली, डीएनए जुळला आणि मायकेल घरी, मिसुरीला गेला. व्हिएतनाम युद्धाच्या अज्ञात सैनिकाची ती जागा तेव्हापासून रिकामीच ठेवली आहे. घरच्यांनी मान तुकवली असती तर तो आजही अज्ञातच असता.

आपल्याकडचे ५४

१९७१ च्या युद्धानंतर भारताने पाकिस्तानचे ९०,००० हून जास्त युद्धकैदी परत केले. आपले मात्र ५४ जण पाकिस्तानच्या तुरुंगात राहून गेले, असं त्यांची कुटुंबं सांगत आली आहेत. पाकिस्तानने हे कायम नाकारलं. त्यांतले एक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. त्या दिवसांत पूर्व पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं आली, त्यात तांबे यांच्या नावाशी जुळणारं एक नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी पुढची दशकं या शोधात घातली. कुटुंबीयांची शिष्टमंडळं १९८३ आणि २००७ मध्ये पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊनही आली. हाती काही लागलं नाही.

आणि आपल्याच भारतात अमेरिका तिची माणसं शोधते आहे. दुसऱ्या महायुद्धात आसामहून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणारी कितीतरी विमानं अरुणाचलच्या जंगलांत पडली. २०१६ मध्ये तिथे सापडलेले अवशेष दिल्लीहून सन्मानाने अमेरिकेला गेले आणि २०२१ मध्ये गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठाशी या कामासाठी करार झाला. ७५-८० वर्षांपूर्वीच्या माणसासाठी हे सगळं होतं, कारण त्यांच्याकडे विचारणारे लोक संघटित आहेत आणि ते दर वर्षी दारात येऊन उभे राहतात. आपल्या ५४ जणांसाठी विचारणारी जवळपास फक्त त्यांची कुटुंबंच राहिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडं कामाचं. या यात्रेत सामील व्हायला माजी सैनिक असावं लागत नाही, आणि पूर्ण अंतर जावं असंही नाही. पुष्कळ जण एक दिवस किंवा एक राज्य सोबत करतात. गाडी चालवत नसाल तर ॲरिझोना, टेक्सास, मिसुरी, केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया अशा राज्यांतून जाणाऱ्या मार्गांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते पाहून जवळच्या पुलावर किंवा जेवणाच्या थांब्यावर जाता येतं. थांब्यांवर वाढायला, पाणी द्यायला हात हवेच असतात. मुलांना सोबत न्या. जुन्या सैनिकाशी बोलताना युद्धात काय काय केलंत असं विचारू नका. जॅकेटवरच्या पट्टीवर एखादं नाव शिवलेलं असेल तर ते कुणाचं, एवढं विचारा. बहुतेक जण ते सांगायलाच आलेले असतात.